घरमालक नवं स्वयंपाकघर करून देतोय, महिना १५० डॉलर वाढ. सही करू का? (न्यूयॉर्क, रेंट स्टॅबिलाइज्ड)

तिखटमीठ
नमस्कार मंडळी. आम्ही क्वीन्समध्ये रेगो पार्कला ११ वर्षं एकाच वन बेडरूममध्ये राहतोय. इमारत १९५० च्या दशकातली, सत्तरेक घरं. घर रेंट स्टॅबिलाइज्ड आहे, म्हणजे भाडं किती वाढवायचं ते मालक नाही, कायदा ठरवतो. सध्याचं भाडं १,७४० डॉलर.

मागच्या आठवड्यात मालकाच्या ऑफिसातून एक बाई आल्या. फार गोड बोलल्या. स्वयंपाकघर आणि बाथरूम दोन्ही नवं करून देतो म्हणाल्या: कॅबिनेटं, ओटा, शेगडी, फ्रिज, टाइल्स, सगळं. खर्च २७,००० डॉलर, तो मालक करणार. आम्ही फक्त एका फॉर्मवर सही करायची आणि काम झालं की भाडं १५० डॉलरनी वाढणार.

आमच्या स्वयंपाकघराची अवस्था सांगते. दोन कॅबिनेटांची दारं बिजागरीतून निघालीत, ती मी हाताने उचलून बाजूला ठेवते. शेगडीचा एक बर्नर काडेपेटीशिवाय पेटत नाही. सिंकखाली बादली कायमची. नवरा म्हणतो सही कर आणि मोकळी हो. आई डोंबिवलीहून म्हणते, "अगं, फुकटात किचन मिळतंय, नाही कसली म्हणतेस?" मला मात्र त्या बाईंच्या गोड बोलण्याचीच धास्ती वाटतेय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पावशेर
फुकट कसलं? १५० गुणिले १२ म्हणजे वर्षाला १,८००. पंधरा वर्षांत २७,००० पुरे. मग वाढ रद्द होते का? तेवढं विचारा आधी.

जुनाखांब
तिखटमीठ, सही करू नका. म्हणजे कधीच करू नका असं नाही, पण आत्ता नको. मी जॅक्सन हाइट्सला आमच्या इमारतीच्या भाडेकरू संघटनेत बरीच वर्षं आहे, हे फॉर्म पुष्कळ पाहिलेत. जरा सविस्तर लिहितो.

याला इथे आयएआय म्हणतात, म्हणजे एकट्या तुमच्या घरात केलेली सुधारणा. रिकाम्या घरात मालक ती स्वतःच्या मर्जीने करू शकतो. पण घरात भाडेकरू राहत असेल तर त्याच्या लेखी संमतीशिवाय एक डॉलरही वाढवता येत नाही. त्यामुळे सत्ता तुमच्या सहीत आहे. त्या बाई गोड बोलल्या त्या उगाच नाही.

१५० हा आकडा कुठून आला? ३५ पेक्षा जास्त घरांच्या इमारतीत खर्चाचा १८० वा भाग महिन्याच्या भाड्यात घालता येतो. २७,००० भागिले १८०, बरोब्बर १५०. ३५ किंवा कमी घरं असतील तर १६८ वा भाग. म्हणजे हिशोब चोख आहे, त्यात लबाडी नाही.

पावशेर यांचा प्रश्न कळीचा. जून २०१९ च्या कायद्याने ही वाढ तात्पुरती केली होती, ३० वर्षांनी भाड्यातून काढायची. आणि १५ वर्षांत मिळून फक्त १५,००० डॉलरचा खर्च धरता यायचा. २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात दोन्ही बदललं. मर्यादा ३०,००० झाली आणि वाढ कायमची झाली. त्या वर्षीच्या १७ ऑक्टोबरपासून लागू. म्हणजे तुमचे १५० आता तुमच्या भाड्याच्या हाडात जाणार. दरवर्षी रेंट गाइडलाइन्स बोर्ड जी टक्केवारी जाहीर करतं (ऑक्टोबर २०२५ पासूनच्या एक वर्षाच्या लीजला ३ टक्के), ती या १५० वरही चढणार. तीन टक्के धरले तर मालकाचे पैसे साडेबारा वर्षांत वसूल, पुढचं सगळं त्याला निव्वळ. दहा वर्षांनी या १५० चे २०० झालेले असतील.

खोडरबर
सगळे घरमालक चोर आहेत. विषय संपला.

गिरगावचा_गोट्या
@खोडरबर, विषय संपला तर आम्ही काय वाचायचं? :)

अवांतर, पण राहवत नाही. आमची गिरगावातली खोली पागडीची. आजोबांच्या नावावर रिसीट होती, मग बाबांच्या, आता माझ्या. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली आणि ती तशीच राहिली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतकं गोठलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही, तेव्हा कुठे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ. आमचं भाडं तेव्हा ८३ रुपये होतं, आता २२० च्या घरात. हो, महिन्याचं.

आता गंमत बघा. आपल्या कायद्यातही सुधारणेबद्दल वाढ आहे! कलम ११. मालकाने इमारतीत सुधारणा किंवा बांधकामात बदल केला, ७० टक्के भाडेकरूंनी लेखी संमती दिली, तर खर्चाच्या वर्षाला १५ टक्क्यांपर्यंत भाडं वाढवता येतं. न्यूयॉर्कचा हिशोब केला तर तो वर्षाला पावणेसात टक्क्यांच्या आत आला. म्हणजे कागदावर आपला मालक दुपटीने सुखी. पण आमच्या चाळीत मी जन्मापासून मालकाने केलेली एकही सुधारणा पाहिलेली नाही. टेकू मात्र पुष्कळ पाहिले.

पावशेर
का बरं? १५ टक्के म्हणजे सात वर्षांच्या आत पैसे परत. मालक सोडतो कसे?

गिरगावचा_गोट्या
कारण ७० टक्के भाडेकरू कशावरही एकत्र येत नाहीत. आमच्या मजल्यावर गणपतीच्या वर्गणीवर दोन वर्षं भांडण चाललं होतं. शिवाय मालकाला भाड्यात रस कुठे आहे? त्याचा डोळा जमिनीवर. खोली विकली गेली की हस्तांतरणातला त्याचा वाटा, आणि इमारत पडली तर टॉवर. त्यासाठी नवं किचन करून कोण देईल?

दुरुस्तीही सरकारच्या गळ्यात. १९६९ च्या कायद्याने मुंबई बेटावरच्या १९,६४२ जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला, आणि दुरुस्ती मंडळ आलं. कायदा म्हणतो, मालकाने दुरुस्ती केली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः करावी आणि भाड्यातून वळती करावी. मर्यादा मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. माझ्या बाबतीत ते साडेसहाशे रुपये होतात. साडेसहाशेत आजकाल सुतार जिनाही चढत नाही.

जुनाखांब
वा गोट्याशेठ! हे अवांतर नाहीये. हाच तर मुद्दा आहे. इथे २०१९ च्या आधी बरोबर उलटं चाललं होतं, मालकांना सुधारणेची भलतीच हौस.

तेव्हाचं सूत्र ऐका. लहान इमारतीत खर्चाचा ४० वा भाग, मोठ्या इमारतीत ६० वा. वरची मर्यादा नाही, आणि वाढ कायमची. भाडेकरू बदलला की दोन वर्षांच्या लीजला २० टक्के वेगळे. आणि घर रिकामं झाल्यावर भाडं एका आकड्याच्या वर गेलं (शेवटी तो २,७७४.७६ डॉलर होता) की घर नियंत्रणातून कायमचं बाहेर. आता १,४०० डॉलरचं घर घ्या. म्हातारा भाडेकरू गेला, २० टक्के चढवले, १,६८०. उरले १,०९५. गुणिले ४०. पावणेचव्वेचाळीस हजारांच्या जरा वरची बिलं दाखवली की घर मोकळं. मग ग्रॅनाइट बसवा, सोन्याचे नळ बसवा, किंवा नुसती बिलंच बसवा. घर रिकामं असताना कोणाची संमती लागत नव्हती, आणि कागद तपासायला सहसा कोणी येत नव्हतं.

म्हणून २०१९ ला नियम कडक केले. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच, आणि तो मालकाच्याच घरचा नको. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे डीएचसीआरकडे जमा. २० टक्क्यांची खिरापत बंद, नियंत्रणातून बाहेर पडायची ती खिडकीही बंद.

ब्रुकलिनकर
आता दुसरी बाजूही ऐकून घ्या, मग दगड मारा. माझ्या सासऱ्यांची ब्रुकलिनला आठ घरांची इमारत आहे. सासऱ्यांनी टॅक्सी चालवून आणि नंतर दुकान चालवून ती उभी केली. कंपनी बिंपनी काही नाही, जिना तेच झाडतात.

२०२१ साली तिसऱ्या मजल्यावरच्या आजी नर्सिंग होममध्ये गेल्या. त्या घरात त्या ३४ वर्षं होत्या. भाडं ९०० डॉलर. आत जाऊन पाहिलं तर वायरिंग जुनं, रंगात शिसं, बाथरूमची जमीन खचलेली. ठेकेदाराने ७२,००० सांगितले. तेव्हाच्या नियमाने १५,००० च धरता येणार, भागिले १६८, म्हणजे महिना ८९ डॉलर. सासऱ्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली देव्हाऱ्यात ठेवली. तीन वर्षं घर तसंच. शहरात रिकाम्या घरांचं प्रमाण २०२३ ला १.४१ टक्के होतं, १९६८ पासूनचं सर्वात कमी, आणि आमच्याकडे एक घर बंद. वाईट वाटायचं, पण ७२,००० घालून ९८९ भाडं कोण घेईल?

खोडरबर
३४ वर्षं भाडं घेतलं तेव्हा वायरिंग का नाही बदललं? आजी असताना खचत नव्हती का जमीन? तेव्हा दुरुस्ती केली असती तर ७२,००० झाले नसते.

ब्रुकलिनकर
खोडरबर, आजी कुणाला आत येऊ देत नव्हत्या हे खरं. पण सासऱ्यांनीही फार जोर लावला नाही, हेही खरं. मान्य.

पावशेर
या संस्थळावर कोणी "मान्य" लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. वाचनखूण साठवली.

जुनाखांब
ब्रुकलिनकर, तुमच्यासारख्यांसाठीच २०२४ ला दुसरा टप्पा आला ना? २५ वर्षांहून जुना भाडेकरू गेलेलं घर, किंवा २०२२, २३, २४ अशी तिन्ही वर्षं रिकामं म्हणून नोंदलेलं घर. तिथे ५०,००० पर्यंत धरता येतात, लहान इमारतीत भागिले १४४. डीएचसीआरकडून आधी मान्यता घ्यावी लागते.

ब्रुकलिनकर
हो, त्यातच केलं. ३४७ डॉलर वाढ मिळाली. ९०० चे १,२४७. वरचे २२,००० खिशातून. एक बांगलादेशी कुटुंब राहतंय आता. सासरे म्हणतात, आणखी पंधरा वर्षं जगलो तर फायदा. किल्ली देव्हाऱ्यातून निघाली यावर सासूबाई खूश आहेत.

तिखटमीठ
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. जुनाखांब, मी दोन गोष्टी विचारते. एक, माझी बिजागरी आणि बर्नर ही सुधारणा की दुरुस्ती? दोन, नव्या महापौरांनी भाडं गोठवण्याचं वचन दिलं होतं ना? गोठलं तर हे १५० पण गोठतील का?

जुनाखांब
दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही. महापौर ममदानींनी प्रचारात जे वचन दिलं ते बोर्डाच्या वार्षिक टक्केवारीबद्दलचं. २०१५ आणि २०१६ ला बोर्डाने एक वर्षाच्या लीजला शून्य टक्के दिले होते, तेव्हाही सुधारणांची वाढ चालूच होती. उलट गोठण्याच्या काळात मालकाकडे वाढीच्या ज्या मोजक्या वाटा उरतात त्यातली ही एक. त्यामुळे असे फॉर्म घेऊन येणाऱ्या बाया वाढल्या तर आश्चर्य नको.

पहिलं फार महत्त्वाचं. निघालेली बिजागरी, न पेटणारा बर्नर, गळणारं सिंक ही दुरुस्ती. ती मालकाने आधीच्याच भाड्यात करायची असते. घरासोबत मिळालेली शेगडी चालू ठेवणं त्याचं कामच आहे. तुम्हाला नवी कोरीच हवी असेल, तर तिथे सुधारणा सुरू होते आणि तिथे सही लागते. बहुतेक फॉर्ममध्ये मालक जी दुरुस्ती त्याने करायलाच हवी होती, ती सुधारणेच्या पाकिटात घालून तुम्हालाच विकतो. रंगही तसाच. तीन वर्षांतून एकदा रंग लावून देणं या शहरात त्याच्यावर बंधनकारक आहे.

आता हे करा. ३११ ला (शहराचा तक्रार क्रमांक) फोन लावून सिंकची आणि बर्नरची तक्रार नोंदवा. शहराचा निरीक्षक येतो. घरात धोकादायक वर्गातलं उल्लंघन नोंदलेलं असेल तर ते मिटेपर्यंत मालकाला सुधारणेची वाढ मागताच येत नाही. दुसरं, डीएचसीआरकडून तुमच्या घराचा भाड्याचा इतिहास मागवा. फुकट मिळतो, फक्त भाडेकरूलाच मिळतो. सगळ्यांनीच मागवा खरं तर. कोणी मागवत नाही.

बॉयलरवाले
आमच्याकडे मालकाने नवा बॉयलर बसवला, आमची सही नव्हती तरी वाढ लागली. तुम्ही म्हणता संमती लागते. मग आमचं बेकायदा झालं का?

जुनाखांब
नाही, तो वेगळा प्रकार. बॉयलर, छप्पर, असं अख्ख्या इमारतीचं काम म्हणजे एमसीआय. त्याला भाडेकरूची सही नाही, डीएचसीआरची मंजुरी लागते. ती वाढ वर्षाला २ टक्क्यांवर जात नाही आणि ३० वर्षांनी निघते. मंजुरीचा आदेश तुम्हाला पाठवलेला असणार, तो शोधा.

तिखटमीठ
धागा वर काढते. तीन आठवडे झाले. भाड्याचा इतिहास पोस्टाने आला. मी कालपासून सुन्न आहे.

आमच्या आधीचा भाडेकरू पाच वर्षं होता. त्याचं शेवटचं भाडं १,०१० डॉलर. आम्ही ऑक्टोबर २०१४ ला आलो, दोन वर्षांची लीज, भाडं १,४६०. समोरच्या रकान्यात कारण म्हणून दोन शब्द: व्हेकन्सी, इम्प्रूव्हमेंट.

कसली इम्प्रूव्हमेंट? आम्ही आलो तेव्हा हेच किचन होतं! हीच कॅबिनेटं! मी तेव्हा काढलेले फोटो शोधले. राहायला आलो त्या दिवशी दूध उतू घालतानाचा एक फोटो आहे, मागे हीच दारं दिसतात. तेव्हा निदान बिजागरीत होती.

पावशेर
१,०१० वर २० टक्के म्हणजे १,२१२. १,४६० वजा १,२१२, २४८ डॉलर. गुणिले ६०. मालकाने १४,८८० डॉलरचं काम दाखवलंय.

तिखटमीठ
हो, मीही तेच केलं रात्री कॅल्क्युलेटरवर. आणि बोर्डाच्या वाढी चढून ते २४८ आता २९५ झालेत. न झालेल्या किचनसाठी मी ११ वर्षांत ३२ हजारांच्या वर दिलेत. आणि आता तेच किचन मला २७,००० ला परत विकायला आले होते. नवरा हे ऐकून बराच वेळ काही बोललाच नाही, मग उठून बादली रिकामी केली.

खोडरबर
मी दुसऱ्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

गिरगावचा_गोट्या
दुसऱ्या नव्हे, तिसऱ्या. तुमच्या आधी पावशेर आणि जुनाखांब होते.

ब्रुकलिनकर
हे वाचून मलाच लाज वाटली. ताई, हे असले मालक असतात म्हणून आमच्याकडेही सगळे संशयाने बघतात. वकील गाठा.

जुनाखांब
तिखटमीठ, वाईट वाटलं, पण खोटी आशा दाखवत नाही. जास्तीचं भाडं परत मागताना २०१९ चा कायदा सहा वर्षं मागे बघतो, आणि मालकाने जाणूनबुजून घेतलं असेल तर तिप्पट भरपाईही आहे. पण तुमची वाढ २०१४ ची. २०१९ च्या आधीच्या व्यवहारांना नवे नियम मागे जाऊन लावता येणार नाहीत, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवलं. त्यांना जुना चार वर्षांचा नियम. अपवाद फक्त घर नियंत्रणातून बाहेर काढण्यासाठी रचलेल्या फसवणुकीचा, आणि १,४६० हे त्या बाहेर पडायच्या आकड्याच्या खूप खाली, त्यामुळे तो सिद्ध करणं अवघड. तरी तो दुधाचा फोटो जपून ठेवा आणि एकदा भाडेकरूंच्या मोफत कायदा सल्ल्याकडे कागद दाखवा. हे मी ठरवू नये, वकिलाने ठरवावं.

एक मात्र आहे. २०१४ ला किचन नवं केलं असं मालकाने लिहून दिलंय. मग अकराच वर्षांत ते २७,००० खर्चून बदलण्याइतकं कसं मोडलं, हा प्रश्न तुम्ही त्याला लेखी विचारू शकता. नम्रपणे विचारा, इतिहासाची प्रत जोडा.

तिखटमीठ
शेवटची खबर देते. पत्र पाठवलं, तसंच नम्र. उत्तर आलं नाही. त्या बाईही परत आल्या नाहीत. दरम्यान ३११ चा निरीक्षक येऊन गेला, सिंकखालच्या गळतीला 'ब', म्हणजे धोकादायक वर्ग लागला, मालकाला ३० दिवसांची मुदत. नवव्या दिवशी सुपर (इमारतीची देखभाल करणारा माणूस) पान्हा घेऊन दारात. गळती बंद, बर्नर साफ, आणि खिशातून चार नव्या बिजागऱ्या काढून त्याने दारंही लावून दिली. सव्वा तास लागला. अकरा वर्षं मी ती दारं उचलत होते.

शेगडी मात्र मला नवी हवीच आहे, पुरणपोळीला आच सारखी लागत नाही. ती ९०० ची आहे, म्हणजे महिना ५ डॉलर. फक्त तेवढ्याचाच फॉर्म पाठवा, सही करते, असं कळवलंय. आई म्हणते, पाच डॉलर कशाला, भारतातून गॅसची शेगडी आणते मी बॅगेत.

वकिलांची वेळ पुढच्या गुरुवारी मिळाली आहे. फोटो छापून घेतलाय.

बॉयलरवाले
आदेश सापडला, जुनाखांब. धन्यवाद. एक शंका. आमच्या इमारतीत बरोब्बर ३५ घरं आहेत आणि मालक तळघरात सुपरसाठी आणखी एक करतोय. मग उद्या फॉर्म आला तर १६८ की १८०?

जुनाखांब
३५ पर्यंत १६८. तळघरातलं घर कायदेशीर आहे का ते आधी बघा. त्याचा स्वतंत्र धागा काढा, इथे नको.